सगुणाचा उजवा खांदा

मुलगी ‘सावधान’मध्ये उभी असली की तिच्या शरीराबद्दल काहीच कळत नाही. टाचा जुळलेल्या, हनुवटी वर, हात मांड्यांना चिकटलेले आणि समोर बाई आहेत म्हणून श्वाससुद्धा धरलेला. त्या क्षणी सगळ्याच सरळ दिसतात. ‘विश्राम’ म्हटलं की खरी मुलगी दिसायला लागते. कोणी एका पायावर रेलते, कोणी पोट पुढे काढते, कोणाचा एक खांदा हळूच खाली उतरतो. भोरच्या मुलींच्या शाळेत मी बरीच वर्षं कवायत शिकवली, आणि माझं निम्मं काम ‘विश्राम’ म्हटल्यावरच सुरू व्हायचं.

तुम्ही दोघं नातवंडं तिकडे परदेशात दिवसभर खुर्चीत बसता आणि संध्याकाळी मान धरून उठता, असं तुमच्या आईने कळवलं. त्यावर मी नीट क्रमवार सूचना लिहायला बसले होते. लिहिता लिहिता सगुणा आठवली आणि सूचना बाजूला राहिल्या. इकडे एका दिवाळी अंकाच्या संपादकांना माझ्या नोकरीतलं काहीतरी हवंच होतं. म्हणून त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी मिळून हे एकदाच लिहिते. यातून तुम्हाला सूचना काढून घेता आल्या तर घ्या.

गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या थोडी आधीची. तुमचे आजोबा संस्थानच्या कचेरीत नोकरीला होते. मी लग्नाआधी मुंबईत एका इंग्रज बाईंच्या हाताखाली शरीरशिक्षणाचा अभ्यास केला होता. त्या बाईंचा पुस्तकांवर विश्वास होता, पण स्वतःच्या तळहातावर त्याहून जास्त. त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट तुम्ही घरी करून पाहू शकता. एकाने उभं राहून उजवा हात झटकन समोर उचलायचा आणि दुसऱ्याने त्याच्या कमरेवर, कण्याच्या दोन्ही बाजूंना तळवे ठेवायचे. हात हलायच्या आधीच पाठीतले स्नायू घट्ट झालेले लागतील. हाताचं वजन पुढे गेलं की आपण कलंडणार, हे पाठीला आधी समजतं आणि ती तयारीत राहते. आता मांडी घालून बसा आणि तोच हात उचला. जोर वेगळ्याच ठिकाणी लागेल. मग अंग एकीकडे आणि हात दुसरीकडे, असे कमरेत पिळून बसा आणि पुन्हा उचला. आता पाठीची एक बाजू राबते आणि दुसरी नुसती ओढली जाते. एकदा केल्याने काही बिघडत नाही. वाढत्या वयात रोज केलं, तर शरीर त्या वाकडेपणालाच सरळ समजायला लागतं.

भोरमध्ये हे पटवणं सोपं नव्हतं. पहिल्याच महिन्यात एका कारकुनाच्या पत्नी शाळेत आल्या.

“बाई, आमच्या मालूने केलंय तरी काय?”

“काही नाही. का हो?”

“मग रोज हात वर करून उभी का करता तिला? परवा म्हणे सगळ्या वर्गाला हात वर करायला लावलेत. ज्या मुलीने खोडी केली असेल तिला एकटीला शिक्षा करा की.”

मी त्यांनाच दोन्ही हात वर करायला सांगितलं. आसपास कोणी पुरुष नाही हे पाहून त्यांनी ते केले आणि लगेच खाली घेतले. “चांगलंच भरून येतं की,” म्हणाल्या. त्यानंतर कवायतीच्या वेळी त्या अधूनमधून व्हरांड्यात येऊन बसत. घरी दार लावून करतही असाव्यात, कारण एकदा त्यांनी मला हळूच विचारलं, “तो चौथा प्रकार सोवळ्यात केला तर चालतो का?”

अशी माणसं भेटत म्हणून नोकरी हलकी वाटे. सगुणाच्या वेळी मात्र ती पाच-सहा महिने हलकी वाटली नाही.

सगुणा धनगराची मुलगी. भोरहून वेल्ह्याकडे जी डोंगररांग जाते, तिच्या माथ्यावरच्या एका वाडीत तिचं घर होतं. बाप वारलेला. घरात आजी, आई आणि ही. म्हशी, गाई, थोडी शेरडं. मामा दाजीबा तुमच्या आजोबांच्या कचेरीत शिपाई होता. त्याच्या हट्टामुळे ती भोरला त्याच्याकडे राहून शिकत होती. शनिवारी अर्धी शाळा संपली की डोंगर चढून घरी जायची आणि सोमवारी उजाडताच उतरून यायची. वर्गात ती पहिली नव्हती, पण लहान मुलींना शिकवायला बसवली की वर्ग तिच्या हातात राहायचा. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ठरवलं होतं की फायनलची परीक्षा झाली की तिला पुण्याच्या शिक्षिकांच्या कॉलेजात पाठवायचं. तिथे राहण्याजेवणाची सोय होती. अडचण एकच होती. प्रवेशाआधी तिथे डॉक्टरची तपासणी होई.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मोठ्या बाईंनी मला बोलावलं.

“सगुणाला चालताना पाहिलंत का? उजवीकडे कललेली दिसते.”

“पाहिलंय.”

“तिथे डॉक्टर पाठ बघतात. शिक्षिकेला दिवसभर उभं राहावं लागतं, वाकड्या पाठीची मुलगी टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. मे महिन्यापर्यंत तुमच्या हातून काही होईल का?”

न झालं तर काय, हे दोघींनाही माहीत होतं. तिचं लग्न जवळजवळ ठरलेलं होतं, पलीकडच्या वाडीतल्या एका घरात. पुण्याला प्रवेश मिळाला तरच ते थांबणार होतं, आणि तेही दाजीबा बहिणीशी भांडला म्हणून.

मी गवंड्याकडून एक ओळंबा मागून आणला. भिंत सरळ आहे का ते पाहायला वजन बांधून दोरी सोडतात, तो. वर्गाचं दार लावून सगुणाला पाठमोरी उभी केली आणि मानेच्या मधल्या मणक्यावर दोरी धरली. खाली ती कण्याच्या बरोबर मध्यावर यायला हवी. ती चांगली दोन बोटं बाजूला गेली. उजवा खांदा खाली आणि पुढे आलेला होता.

“आता वाक. गुडघे न वाकवता, माझ्या पाया पडतेस तशी.”

वाकडेपणा दोन जातींचा असतो. एक सवयीचा, एक हाडाचा. उभ्या मुलीत दोन्ही सारखेच दिसतात. पुढे वाकली की फरक कळतो. सवयीचा असेल तर वाकताच पाठ सपाट होते, दोन्ही बाजू सारख्या. हाडाचा असेल तर एका बाजूच्या बरगड्या उंचवट्यासारख्या वर राहतात. तिथे व्यायामाने फारसं काही होत नाही. निदान माझ्या हातून तरी झालं नसतं.

सगुणा वाकली. मी दोन्ही बाजूंवरून तळवा फिरवला. पाठ सपाट होती.

“काय झालं, बाई?”

“काही नाही. ऊठ. उद्यापासून शाळा भरायच्या आधी यायचं.”

व्यायाम साधेच होते. पालथं झोपून दोन्ही हात एकदम उचलायचे. भिंतीला पाठ लावून, मांडी घालून बसायचं आणि लाकडी मुद्गल दोन्ही हातांनी सारखे वर न्यायचे. बसवण्याचं कारण असं की उभी राहिली की ती कमरेतून कलून पळवाट काढायची. भिंतीला टेकून बसलं की पळवाट बंद होते आणि जो स्नायू आळशी झालाय त्यालाच काम करावं लागतं. सुरुवातीला तिचा डावा हात उजव्याच्या मागे राही. मी बाजूला बसून तिच्या दोन्ही पाखांवर, खांद्यांमागच्या हाडांवर, तळवे ठेवी आणि जी बाजू मऊ लागे तिथे बोटाने टोचत असे.

शनिवारी सकाळी ओळंबा धरला की दोरी मध्याच्या जवळ आलेली असे. मला बरं वाटे. सोमवारी पुन्हा धरला की ती होती तिथे गेलेली.

असं दर आठवड्याला व्हायला लागलं. पौष सरला तरी तेच. पाच दिवसांत जे मिळे ते एका रविवारात जाई. मला आधी ती घरी आळस करते असं वाटलं, आणि मी ते बोललेही.

“रविवारी घरी काय करतेस?”

“काय बी न्हाई.”

“म्हणजे दिवसभर बसून असतेस?”

“बसून कशी? घुसळते. शेरडांना पाला आनते. भांडी.”

“किती घुसळतेस?”

तिला प्रश्न कळला नाही. “असंल तेवढं,” ती म्हणाली. आठवडाभराचं दही साठवून ठेवलेलं असतं, बाजाराच्या आधी त्याचं लोणी काढायचं आणि तूप कढवायचं, आणि हे काम ती आठ वर्षांची असल्यापासून तिच्याकडे आहे, एवढं विचारून विचारून कळलं. पण घुसळणीत दोन्ही हात आळीपाळीने ओढावे लागतात. दोरीचं एक टोक उजव्या हातात, एक डाव्या. त्याहून चांगला व्यायाम मला माझ्या पुस्तकातून काढून दाखवता आला नसता. त्यानेच ती वाकडी कशी होते, हे काही केल्या समजेना.

मी दाजीबाला म्हटलं, “येत्या शनिवारी मी तुमच्याबरोबर वर येते.”

“बाईसाहेब, चढण लई हाय.”

“मी कवायत शिकवते, दाजीबा.”

“कवायत सपाटीवर आसती,” तो म्हणाला.

त्याचं खरं निघालं. शेवटच्या टप्प्यावर सगुणा माझ्या हातातली पिशवी घेऊन पुढे गेली आणि वर जाऊन माझी वाट बघत बसली. लांबवर राजगडाची माची दिसत होती. मी मात्र वाटभर पुढे चालणाऱ्या मुलीची पाठच बघत आले होते.

तिच्या आईचं नाव हौसा. वयाने माझ्याहून फार मोठी नसावी. तिने मला घोंगडीवर बसवलं, दूध दिलं आणि चुलीतला जाळ सारखा करायला ती वाकली. पदर कमरेला खोचलेला होता, त्यामुळे पाठ नीट दिसली. उजव्या बाजूला बरगड्यांचा उंचवटा होता. ती वाकलेली होती आणि तो तसाच वर होता.

हे हाडाचं झालेलं होतं. आणि कलही तोच, मुलीचाच.

मी दुधाचं भांडं खाली ठेवलं. आतापर्यंत मला फक्त मे महिन्याची घाई होती. त्या क्षणी कळलं की आपण ज्याला सवयीचा वाकडेपणा म्हणतो तो कायम सवयीचाच राहत नाही. सगुणा पंधरा-सोळा वर्षांची होती. अजून एक-दोन वर्षं अशीच गेली असती, तर ती माझ्यासमोर वाकली असती आणि पाठ सपाट झाली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणा घुसळायला बसली आणि एका दृष्टिक्षेपात सगळं स्पष्ट झालं.

घराच्या मध्यावर घुसळखांब होता. त्याला टेकून मोठा मातीचा डेरा, डेऱ्यात रवी, रवीला दोरीचे वेढे. बसायची जागा खांबाच्या एकाच अंगाला होती, कारण पलीकडे वासरं कोंडायचं कुडण होतं. त्या जागी डेऱ्याकडे सरळ तोंड करून बसलं की बरोबर पाठीमागे भिंतीतला कोनाडा येत होता, आणि कोनाड्यात घरचे देव. देवाकडे पाठ करायची नाही. म्हणून घुसळणारी बाई उजवीकडे वळून बसत असे. उजवीकडे चूल होती. तेही सोयीचंच, चुलीवरच्या दुधावर लक्ष राहतं. अंग चुलीकडे, हात डाव्या बाजूच्या डेऱ्याकडे. कमरेत पीळ घालून, उजवा खांदा पुढे आणि खाली टाकून, सगुणा दोरी ओढत होती. सर्र, सर्र. मध्येच मान वळवून दूध बघत होती. तिच्या आधी हौसा तिथे तशीच बसत असे. हौसाच्या आधी ही म्हातारी, सगुणाची आजी, जी आता दारात उन्हाला बसली होती.

मी म्हातारीजवळ जाऊन बसले. नातीच्या खांद्याची हकीकत सांगितली, पुण्याच्या डॉक्टरची सांगितली. ती ऐकत होती, नजर अंगणातल्या शेळीवर.

“आजी, तिला डेऱ्याकडे सरळ तोंड करून बसवलं तर?”

“आन् देव?”

“मागे राहतील.”

“तुमच्या घरी देवाकडं पाठ करून बसत्यात का, बाई?”

नाही म्हणावं लागलं. आमच्याकडेही कोणी बसत नसे.

“खांब हलवता येईल का?”

“ह्येच्यावर घर उभं हाय. त्यो काडला तर समद्यास्नीच व्यायाम हुईल.”

दाजीबा हसला. मी हसले नाही. सगुणाला घुसळताना बघत मी एक तोड मनात काढून ठेवली होती. “मग दुसऱ्या अंगाला वळून बसू द्या तिला. डावीकडे. देवाकडे पाठ होणार नाही, आणि इतकी वर्षं एका बाजूला पडलेला पीळ उलट्या बाजूने सुटेल. काम तेच, फक्त बसणं बदलायचं.”

म्हातारीने आता माझ्याकडे पाहिलं. “चुलीकडं पाठ हुईल.”

“तेवढी सकाळच.”

“सकाळच्यालाच दूध तापतंय. हिची आय धारा काडती, ही घुसळती. दूध कुणी बघायचं? उतू गेलं तर बाजारात काय इकायचं, तुमची कवायत?”

सर्र सर्र चालूच होतं. पण आवाज हळू झाला होता. सगुणा ऐकत होती.

“आजी, खांदा असाच राहिला तर पुण्याचे डॉक्टर तिला परत पाठवतील.”

“पाठवू द्या की. पाठवली तर हितंच यील. हितं कोण तिचा खांदा मापाय बसलंय?”

हौसा दुधाची चरवी घेऊन आत आली होती. तिने दूध ओतलं आणि पुन्हा गोठ्याकडे गेली.

उतरताना सगुणा पुढे होती. अर्ध्या वाटेवर थांबून म्हणाली, “बाई, खांदा सरळ न्हाई झाला तर आमचं लगीन जेठात हाय.”

“माहीत आहे मला.”

“मुलगा वाईट न्हाई. पर त्येंच्याकडं डेरं दोन हायती.”

ती विनोद करत नव्हती.

त्या सोमवारी ओळंबा धरला. दोन बोटं. पुढच्या सोमवारीही तेच. मी सकाळचे व्यायाम वाढवले, मधल्या सुट्टीत तिला व्हरांड्याच्या तुळईला लोंबकळायला लावलं. मोठ्या बाई काही विचारत नसत, पण दारातून बघून जात. मला रात्री हौसाची पाठ दिसे. मी तुमच्या आजोबांना म्हटलं, मुलीला रविवारी भोरलाच ठेवून घ्यावं का. ते म्हणाले, “मग वर घुसळणार कोण? ते आठवड्यात तिला कायमची घेऊन जातील.” ते खरंच होतं.

त्यानंतरच्या सोमवारी दोरी धरली आणि मला वाटलं माझा हात हलला. पुन्हा धरली. ती मध्यापासून बोटभरसुद्धा दूर नव्हती.

“कशी बसलीस काल?”

“डाव्या अंगाला.”

“आणि दूध?”

“बघत्यात,” ती म्हणाली आणि मुद्गल उचलायला गेली. हौसाने मनावर घेतलं असं मी धरून चालले. मुलीच्या आईला सांगितलेलं कधी वाया जात नाही, असं मोठ्या बाईंना ऐटीत सांगितलंही.

फाल्गुनापर्यंत दोरी मध्यावर स्थिरावली. मग ती डावीकडे सरकू नये म्हणून मी एक रविवार या अंगाला आणि एक त्या अंगाला असा क्रम लावून दिला. सगुणा फायनल पास झाली. आणि तरीही मला झोप नव्हती, कारण सवय जुनी होती आणि नवं सरळपण काही महिन्यांचं. मुलगी दमली किंवा घाबरली की शरीर जुन्या घरी परत जातं. हे मी कितीतरी मुलींत पाहिलं होतं.

मे महिन्यात मी तिला घेऊन मोटारीने पुण्याला गेले. मोटार भोरहून निघाली तशी ती खिडकीची दांडी धरून बसली, उजव्या हाताने, अंग पिळून. मी तिचा हात सोडवून मांडीवर ठेवला. जरा वेळाने तो पुन्हा दांडीवर.

तपासणीची खोली लांबट होती. मुली एका बाजूला, बरोबरच्या बायका बाकावर. डॉक्टरीणबाई चष्म्यातून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. सगुणाचं नाव आलं. ती ‘सावधान’मध्ये जाऊन उभी राहिली, खांबासारखी.

“इतकी ताठ नको,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “नेहमी उभी राहतेस तशी राहा.”

हेच मी मुलींना म्हणत असे. मी बाकाची कड धरली. सगुणाने श्वास सोडला आणि उजवा खांदा किंचित खाली आला. किंचितच, पण डॉक्टरीणबाईंच्या नजरेतून सुटला नाही. त्या तिच्या मागे गेल्या, कण्यावरून बोट फिरवलं.

“वाक.”

वाकली. त्यांनी पाठ मागून आणि बाजूने पाहिली.

“ऊठ. पाठ ठीक आहे, पण या बाजूला जोर कमी दिसतो. फळ्यापाशी दिवसभर उभं राहून हात वर धरून लिहावं लागेल. जमेल? दोन्ही हात वर कर. मी सांगेपर्यंत खाली घ्यायचे नाहीत.”

सगुणाने हात वर केले. तेवढ्यात रांगेतली एक मुलगी उकाड्याने घेरी येऊन खाली बसली आणि एकच धावपळ उडाली. डॉक्टरीणबाई तिच्याकडे गेल्या. पाणी मागवलं, पंखा आणवला, नाडी धरली. सगुणाकडे त्यांची पाठ होती. त्या तिला साफ विसरल्या.

मला बोलता येत नव्हतं. बोलले असते तर मुलीला मदत केली असं झालं असतं. समोरच्या भिंतीवर सगुणाची सावली पडली होती आणि मी सावलीचे दोन कोपर बघत होते. दमल्यावर ती काय करणार हे मला ठाऊक होतं. आधी उजवा खांदा पुढे येणार, मग कमरेत पीळ पडणार, मग डावा हात खाली. तिच्या आधीच्या मुलीने याच परीक्षेत हात खाली टाकून दंड चोळले होते. सावलीतले कोपर सारखे होते. मी डोळे मिटले, उघडले. सारखेच होते. तिच्या कपाळावरून घाम नाकावर आला होता आणि ती तो पुसत नव्हती.

डॉक्टरीणबाई हात पुसत टेबलाकडे आल्या आणि थबकल्या.

“अगं, अजून तशीच उभी?”

“तुमी खाली घ्या म्हणला न्हाई.”

“घे, घे. दुखले का?”

सगुणाने विचार केला. तिला खोटं बोलायची सवय नव्हती. “दोन डेरं हुईस्तवर न्हाई दुखत.”

डॉक्टरीणबाईंना ते कळलं नाही. त्यांनी तिचा दंड दाबून पाहिला, मग दुसरा, चष्मा वर केला आणि टेबलावरच्या कागदावर सही केली. ज्या कामाने पोरीचा खांदा वाकला होता, त्याच कामाने तो असा झाला होता की दमतच नव्हता. एवढी वर्षं शिकवून हे मला तोवर सुचलं नव्हतं.

जूनमध्ये ती कॉलेजात गेली. पुढे शिक्षिका झाली, चांगली झाली. ते तिचं तिने कधीतरी लिहावं.

त्यानंतर एका बाजाराच्या दिवशी हौसा भोरला तूप घेऊन आली होती. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. मी तिच्यासमोर जाऊन बसले.

“चांगलं झालं ना सगुणाचं?”

“झालं की.” तिने भांड्यावरचं फडकं सारखं केलं. “आता पावनी म्हणूनच यायची ती.”

मी तुपाचं भांडं उन्हातून सावलीत सरकवलं.

“खरं सांगू का, बाई? मला वाटत व्हतं, न्हाई जमलं तर बरं. घरातला एक हात गेला आमच्या.”

“तरी तुम्ही सकाळी दुधापाशी बसलात. नाहीतर तिचा खांदा सरळ झाला नसता.”

“म्या?” हौसाने मान वर केली. “म्या धारा सोडून कशी बसू? म्हातारी बसायची.”

“आजी? त्या तर नको म्हणाल्या होत्या.”

“तुमास्नी म्हणली. तुमी गेल्यावर दोन आठवडं गुमान व्हती. मंग एक दिशी दारातनं उठली आन् चुलीपाशी जाऊन बसली. धुरानं डोळं गळत्यात तिचं, दिसत बी न्हाई नीट. बोट लावून बघायची दूध. म्या म्हणलं, आत्ती, कशाला? तर म्हणली, पोरीची पाठ तुझ्यावाणी करायची हाय का?”

हे तिने बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. एक बाई तूप बघून गेली, नाक लावून वास घेऊन गेली. हौसाने फडकं पुन्हा झाकलं.

“आता घुसळाय म्याच आसते,” ती म्हणाली. “म्हातारी अजून तिथंच बसती. मला म्हणती, तू बी वळून बस. आता वळून काय उपेग हाय का वो, बाई?”

तिला खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. “पाठ सरळ होणार नाही. पण दुखायची कमी होईल.”

हौसाने पदर पाठीवरून ओढून घेतला.

“दुखती म्हणून तुमास्नी कुणी सांगितलं?”